पोलादवाल्यांचा नातू मत मागतो

अण्णा, तुमच्या त्या अमेरिकन पोलादवाल्यांच्या नातवावरून आज पुन्हा वाद घालायचा आहे. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी माझी बाजू अजून पुरी मांडून झालेली नाही.

तेव्हा मी आपल्या गावच्या वाचनालयाच्या समितीच्या निवडणुकीला उभा होतो आणि कोणाच्या दारी जायला तयार नव्हतो. तुम्ही स्वयंपाकघरात गवार मोडत बसला आहात. "पुस्तकं मी लावली, कपाटं मी दुरुस्त केली, लोकांना दिसत नाही का?" मी म्हणतो. तुम्ही मान वर न करता म्हणता, "तो नातू सात पिढ्या बसून खाईल. तरी कारखान्याच्या फाटकाशी उभा राहून मजुरांना म्हणतो, मला मत द्या. आणि तू? तुझ्या बापाची कुठली गिरणी आहे, न मागायला?" मी पडलो, ते सोडा. पण तुम्हाला खोटं पाडायला शब्दकोश घेऊन त्या माणसाबद्दल मिळेल ते वाचलं. माझं इंग्रजी झालं ते त्याच्यामुळे. तो गव्हर्नर झाला, सिनेटर झाला, राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी मात्र पक्षाने दिली नाही. आणि प्रचाराचा खर्च घरचा होता, हे तुम्ही सोयीने गाळायचात.

आता ऐका. इथे हॉलंडमध्ये, झूटरमेर गावात, परदेशी पासपोर्टवरही पाच वर्षांनंतर नगरपालिकेला उभं राहता येतं. मी उभा आहे, पक्षाच्या यादीत बराच खाली. शनिवारी सुपरमार्केटच्या दारात बायकोबरोबर पत्रकं वाटत होतो. एक म्हाताऱ्या डच बाई थांबल्या. "तुम्हाला का मत द्यावं? आमच्या इमारतीची लिफ्टसुद्धा सारखी अडकते." लिफ्टदुरुस्ती मी कोणाकडे न जाता शिकलेलो, ती का अडकत असेल, ते दरवाजाच्या सेन्सरपासून सांगायला लागलो. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, "छान" म्हणाल्या आणि सायकलकडे वळल्या. बायकोने मला कोपराने ढोसलं. "अहो, लिफ्ट कळली त्यांना. मत कोण मागणार, मी?"

मी मागे धावलो. "बाई, मला तुमचं मत हवंय." बाई हसल्या. "मग आधीच म्हणायचं की! बघते." त्यानंतर संध्याकाळपर्यंत दिसेल त्याला मी तेच म्हणत होतो, शेवटी बायकोने ओढून घरी नेलं.

निवडून बहुधा येणार नाही. घरच्या खर्चाबद्दलचं माझं म्हणणंही कायम आहे. पण मागताना माझं काही कमी झालं नाही. खरं तर मजा आली. हा कागद खणातच राहणार, म्हणून लिहितोय. तुम्ही समोर असतात, तर हे मी तोंडातून काढलं नसतं.