परत न पाठवलेली दुरुस्ती

तायचुंग, १८ डिसेंबर

प्रिय सू-छिन ताई,

कशी आहेस? काकूंचा गुडघा कसा आहे? इथे कोरडी थंडी पडली आहे. तू पाठवलेली सीताफळं पिकली, ऑफिसात सगळ्यांनी आवडीनं खाल्ली. मला एकही गेलं नाही.

हातानं लिहिते आहे, कारण पडद्यावर लिहिलं की मी पुसत बसते.

बागायतदारांच्या सोसायटीत तुला काय ऐकावं लागलं, ते अध्यक्षांनीच मला सांगितलं. कसं, ते पुढे लिहिते. परत आलेल्या पेट्या तू सोसायटीला फुकट दिलेला प्रोग्राम दोनदा मोजत होता आणि ऐन हंगामात नसलेल्या फळांच्या ऑर्डरी घेतल्या गेल्या. "फुकटच्या वस्तूकडून आणखी काय मिळणार?" असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. मागून कुणीतरी ओरडलं, "मशीन शहाण्यासारखं वागावं म्हणून त्यावर ठेवलेलं हिरवं खाऊचं पाकीट ताईनंच फस्त केलं असेल!" सगळे हसले. दुसऱ्या दिवशी तू प्रोग्रामवरचं काम कायमचं बंद करत असल्याचं जाहीर केलंस.

ताई, तो दोष मला उन्हाळ्यातच सापडला होता.

आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर लोकांनी मोकळेपणानं वाटलेल्या कोडच्या तुकड्यांवरच उभं आहे, आणि त्यातला मालमोजणीचा तुकडा तुझा. तुकडा फुकट घ्यावा, पण दुरुस्त केला तर दुरुस्ती मूळ माणसाकडे परत पाठवावी, ही रीत मला तूच शिकवलीस. मी आमच्या प्रतीत दुरुस्ती केली. पाठवायला निघाले, तर माझा भागीदार को म्हणाला, "अगं, थांब की जरा! लगेच जगाला कशाला वाटतेस? आपल्याकडे काहीतरी वेगळं नको?"

मी म्हणाले, "बरं."

त्याच्यावर ढकलत नाही. पुढचं मी एकटीनं केलं. त्या बैठकीनंतर अध्यक्षांनी आम्हाला बोलावलं. मी तायतुंगला आले, तुझ्या गावात, आणि तुझ्या घरी आले नाही. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये पेट्या परत घेऊन दाखवल्या, आकडा बरोबर आला. "बघा, आमच्याकडे असं होत नाही," मी म्हणाले.

"याला म्हणतात काम! आमच्या सू-छिनला शिकवा जरा," अध्यक्ष म्हणाले.

मी हसले, ताई.

सोमवारी करार होणार होता. आज सकाळी दुरुस्ती तुझ्या प्रोग्रामच्या पानावर सगळ्यांना दिसेल अशी पाठवली. दोष कधी सापडला, तेही लिहिलं. अध्यक्षांना कळवलं, की एवढी दुरुस्ती घातली की तुमचा आहे तोच प्रोग्राम चालेल, आमची गरज नाही. को एवढंच म्हणाला, "मला विचारायचं तरी!" तेही खरंच.

दुरुस्ती तुझ्या होकारासाठी थांबली आहे. काम चालू ठेव म्हणायला मला तोंड नाही. बंद करायचं तर कर, पण ते लोक हसले म्हणून नको. ते हसले तेव्हा त्यांना माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

खाली आधी 'तुझी' लिहिलं होतं. खोडलं आहे.

पेई-युन