सिद्धांतच्या बदल्यात कमरुद्दीन

अल मनखूल, दुबई
१५ जानेवारी २०१३

प्रिय स्टॅनली,

हे पत्र ॲनेटच्या हाती पाठवतोय. ती माझ्या ऑफिसात असते, गुरुवारी भाचीच्या बाप्तिस्म्याला पुण्याला येतेय, आणि विमानतळावरून आधी खडकीला तुझ्याकडेच जाईन असा शब्द तिने दिलाय. ईमेल तुला तुझा मुलगा वाचून दाखवतो, म्हणून हा कागदाचा खटाटोप. हे तू एकट्याने वाच. आपला सिद्धांत शनिवारी घरी येतोय. सुट्टीवर नाही, कायमचा. तो तुझ्या ग्राउंडवर येऊन उभा राहील त्याआधी तुला काही गोष्टी कळायला हव्यात. चार वर्षं मी त्या तुझ्यापासून लपवल्या.

२००७च्या ऑगस्टात तू त्याला माझ्या हवाली केलंस ते मला लख्ख आठवतं. अठरा वर्षांचं पोरगं, कानाच्या मागे साबण राहिलेला, आणि काखेत तुझी जुनी हॉकी स्टिक. ज्युनियर स्टेटच्या कॅम्पचं बोलावणं होतं त्याला. तरी मीच तुझ्या मागे लागलो होतो, की इकडे पाठव, नोकरी देतो, टर्फवर खेळवतो, तयार करून परत देतो. तू म्हणालास, विजू, हा हळू पिकणारा आहे, तीन वर्षं धीर धर, घाई केलीस तर नासवशील. मी हसलो होतो. राइट-इनच्या जागी खेळणारा माझ्याइतका उतावळा माणूस खडकीने पाहिला नव्हता, हे तुझंच वाक्य.

इथली रीत तुला पत्रातून थोडीफार ठाऊक आहे. कंपनी लीगमधला प्रत्येक खेळाडू कागदावर कुठल्यातरी कंपनीचा कामगार असतो. आमची एसीच्या डक्टची कंपनी, वर्कशॉप शारजा औद्योगिक क्षेत्रात, टीमचा मॅनेजर मी. सिद्धांत स्टोअरमध्ये स्क्रू मोजायचा आणि चार वाजले की आमच्या बसने ग्राउंडवर यायचा. पगार अठराशे दिरहम, म्हणजे तेव्हाचे वीस-एकवीस हजार रुपये. दोन टीम्सना खेळाडूंची अदलाबदल करायची असली की दोघे मॅनेजर कॅफेटेरियात चहावर बसतात, हात मिळवतात, मग ही कंपनी आपल्या माणसाचा व्हिसा रद्द करते आणि ती आपला लावते. मधल्या तीस दिवसांत तो माणूस कुणाचाच नसतो, आणि तेवढ्यात नवा व्हिसा लागला नाही तर बेकायदा ठरतो. वर्षानुवर्षं असंच चालत आलं होतं, आणि कधी काही बिघडलं नव्हतं.

मग २००८चा नोव्हेंबर आला, मंदी घेऊन. दुबई मरीनाच्या बाजूचे आमचे तीन प्रोजेक्ट एका आठवड्यात थांबले. रोज सकाळी कुणाची तरी खुर्ची रिकामी दिसायची. टीम जानेवारीच्या फायनलपर्यंत चालेल, पुढचं पुढे, असं मालकाने सांगितलं. तिकडे एका मार्बलच्या कंपनीकडे कमरुद्दीन होता, भोपाळचा, चौतीस वर्षांचा, पेनल्टी कॉर्नरचा बादशहा. त्याचा पगार त्यांना जड झाला होता. त्यांना कुणीतरी तरुण आणि स्वस्त हवा होता. आमच्याकडे तसा एकच होता. अदलाबदल ठरली. डिसेंबरच्या मध्यावर सिद्धांतचा व्हिसा रद्द झाला, पासपोर्ट मार्बलवाल्यांच्या ऑफिसात गेला, आणि नवीन वर्षाच्या तिसऱ्या दिवशी त्या ऑफिसला कुलूप लागलं. मालक देश सोडून गेला होता. आपल्या पोराचा अर्जसुद्धा भरलेला नव्हता.

वर मी सहज लिहून गेलो, ठरली. चार वर्षं मी स्वतःशीही तसंच म्हणतोय. स्टॅनली, ती माझी कल्पना होती. मालकाला कमरुद्दीनचं नावही माहीत नव्हतं. वासुदेव म्हणून आमचा अकाउंट्सवाला होता, केरळचा, हॉकीतलं त्याला काडीचं कळत नसे. मीटिंगमध्ये तो माझ्याशी अर्धा तास भांडला. सस्ता है, बीस साल भी नहीं हुआ, दस साल खेलेगा, इसको पकड़के रखो, असं पुन्हा पुन्हा म्हणत होता. जे तू सांगितलं होतंस तेच तो हिशेबी माणूस त्याच्या भाषेत सांगत होता. पण मी नऊ वर्षांत चार फायनल हरलो होतो. चारही वेळा कॉर्नर मिळाले आणि मारायला माणूस नव्हता. टीम बंद पडायची तर कप घेऊन पडू दे, हे एवढंच माझ्या डोक्यात होतं. उद्या या पोराचं काय, हा विचार मनात आला नाही असं नाही. आला, आणि तरुण आहे, निभावून नेईल, म्हणून मी तो बाजूला सारला. कमरुद्दीनचा व्हिसा लवकर लागावा म्हणून मी स्वतः दोन दिवस लेबर ऑफिसच्या रांगेत उभा राहिलो. सिद्धांतचा कागद कुठवर आला, हे विचारायला एक फोनही केला नाही. दिलेला खेळाडू म्हणजे आता त्यांचा प्रश्न.

याच्याहून वाईट पुढे आहे. कुलूप लागलं त्याच दिवशी तो माझ्याकडे आला. तीस दिवसांतले दहा-बारा अजून हातात होते. सरकारने ठरवून दिलेल्या आमच्या कोट्यात मोकळा व्हिसा एकच होता, त्यावर कमरुद्दीन बसलेला. त्याला परत पाठवलं असतं तर पोरगं वाचलं असतं, पण फायनल नऊ दिवसांवर होती. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, इन्शाल्ला, मॅच होऊ दे, मग बघू. तो म्हणाला, हो काका, आधी मॅच. फायनलला प्रेक्षकांत बसून तो आमच्यासाठी घसा फाटेपर्यंत ओरडत होता. कमरुद्दीनने दोन कॉर्नर मारले, आम्ही जिंकलो. पुढच्याच आठवड्यात मालकाने टीम बंद केली आणि नवीन व्हिसे गोठवले. मी विचारायला गेलो तेव्हा त्याने वर न बघता खलास म्हटलं. महिनाभरात कमरुद्दीनही भोपाळला परत गेला.

त्यानंतर सिद्धांत शारजात लपून राहिला. मोडकळीला आलेल्या गाड्यांच्या गॅरेजमध्ये रोजंदारी, आठ जणांची खोली, पोलिसांची गाडी दिसली की मागच्या दाराने पळायचं. दंड रोज चढत होता, त्यामुळे घरी यायची वाटही बंद. आई हेमाताईंना तो दर महिन्याला थोडेफार पाठवायचा आणि सुट्टी मिळत नाही म्हणायचा. तू मला विचारायचास आणि मी लिहायचो, उत्तम चाललंय, खेळ सुधारतोय. २०१०मध्ये गिअरबॉक्सखाली त्याचा डावा हात सापडला. दोन बोटं गेली, अंगठ्यात जोर राहिला नाही. हॉस्पिटलात नेलं तर पकडतील म्हणून खोलीतल्याच एका कंपाउंडरने टाके घातले. डाव्या हाताशिवाय स्टिक काय धरणार, हे तुला मी सांगायला नको. दर शुक्रवारी तो आमच्याकडे जेवायला येतो. मंजुषा त्याला आग्रह करकरून वाढते, तो मराठीत चिडवतो आणि आमची लेक मैथिली त्याला इंग्रजीत उलट उत्तरं देते. तेवढा वेळ घर हसतं, आणि मी लवकर हात धुवून उठतो.

डिसेंबरपासून सरकारने माफी दिलीय, विनादंड देश सोडता येतो. आज सकाळी त्याच्याबरोबर मी माफीच्या अर्जाच्या रांगेत होतो. चार तास. तेव्हा तो स्वतःहून बोलायला लागला. मालकाने त्याला विकलं असं त्याला वाटतं. मी मालकाशी भांडलो, त्याच्यासाठी नोकरी पणाला लावली, असं त्याने मनाशी पक्कं धरलंय, कारण एवढ्या वर्षांत त्याला जेवू घालणारा मीच होतो. म्हणाला, काका, घरी गेल्यावर पहिलं सरांना सांगणार, तुम्ही नसता तर मी मेलो असतो. आणि मग सगळ्यांच्या देखत वाकून माझ्या पाया पडला. स्टॅनली, माझं तोंड उघडलं नाही. चार तासांत नाही, आणि येताना टॅक्सीतही नाही. तो शनिवारी येऊन माझी स्तुती करेल, तू ती ऐकून माझे आभार मानायला फोन करशील. तो फोन मला सहन होणार नाही, म्हणून हे लिहिलंय. त्याला खरं सांगायचं की नाही ते तू ठरव. मी सांगायला हवं होतं, आणि माझ्यात तेवढी हिंमत नाही.

तुझा म्हणवून घेण्याची लाज वाटणारा,
विजय