पियानोच्या घोडीची जवारी

५ जानेवारी १९४६
सकाळी सर्वांची विचारपूस. हिचे गुडघे बरे. मोलकरीण बनुबाईचा खोकला ओसरला. माझे पोट उत्तम. पुण्याच्या नृसिंहरावाची प्रकृती कशी असेल? खणखणीत असो. त्याची जिरताना बघायला तो धडधाकट हवा.

मुलींच्या शाळेतल्या पियानोच्या तारा बदलायचे काम मला मिळाले! आजवर हे नृसिंहरावाचे. मागे भर हॉलमध्ये म्हणाला होता, "विष्णुपंत, तुम्ही तंबोरे सांभाळा. ही घोडी लाथ मारते." सगळे हसले. मीही हसलो. ते हसू अजून दातात अडकले आहे.

हेडमिस्ट्रेस शोभाबाई म्हणाल्या, "पंत, फक्त तारा हं." बरे म्हटले.

९ जानेवारी
जुन्या तारा काढल्या. त्या ज्या लाकडावर टेकतात ती घोडी पाहिली. अगदी सपाट, पोळपाट जसा! म्हणून टोन कोरडा. गोऱ्यांना जवारी ठाऊकच नाही. तंबोऱ्याच्या घोडीला कानशीने हलका उतार दिला की तार निसटती टेकते आणि गुंजते. इथेही तेच करणार. शोभाबाईंना सरप्राइज.

१२ जानेवारी, दुपारी ३
लाकूड टणक. कानशीच्या दर फटक्याला नृसिंहरावाचे नाव घेतले. ही म्हणाली, "इतक्यांदा देवाचं घेतलं असतं तर तो भेटला असता."

१७ जानेवारी
नव्या तारा चढल्या. गुंजतो! शिपाई छगन म्हणाला, "पंत, ह्यात भुंगं शिरल्यात व्हय?" कान नाही बिचाऱ्याला.
गॅदरिंगचे निमंत्रण नृसिंहरावाला धाडले. पहिल्या रांगेत खुर्ची.

२० जानेवारी
स्वागतगीत सुरू झाले. पियानो असा गुंजला की पाहुणे छताकडे पाहू लागले. कोणीतरी ओरडले, "मोहोळ उठलं!" छगनने गोवऱ्यांचा धूर केला. हॉल रिकामा.
पहिल्या रांगेतली ती खुर्ची आधीपासूनच रिकामी. नृसिंहराव तापाने पडून आहे म्हणे. ऐनवेळी कच खाल्ली.

२१ जानेवारी
शोभाबाई रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात मुलींची संगीताची परीक्षा आहे, पंत." रागावल्या असत्या तर बरे झाले असते.
घासलेले लाकूड परत येत नाही. नवी घोडी बसवणारा जवळपास एकच.

२२ जानेवारी
पोस्टकार्ड लिहिले. शेवटी 'आपला स्नेही' लिहिले, खोडले, परत लिहिले. मजकूर असा:
"रा. रा. नृसिंहराव यांस, ताप उतरला का? वहिनींचा दमा? मुलाचा कान? इकडे सर्व क्षेम. फक्त घोडीने लाथ मारली. बरे वाटताच यावे. येणार कधी, ते उलट टपाली कळवावे."