तिसऱ्या अंकातला वरचा स्वर

मी, एर्मेते झानेल्ली, कैलासवासी प्रिमो झानेल्ली बेकरीवाले यांचा मुलगा, वय अठ्ठ्याहत्तर, धंदा ऑपेराचा वाद्यवृंद चालवणे (हल्ली निवृत्त, म्हणजे कोणी बोलावत नाही), राहणार काझालरोन्को, पो नदीच्या बांधालगत, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत. माझ्यावर कोणाची जबरदस्ती नाही. जन्मभर ती मीच दुसऱ्यांवर केली. याआधीची माझी दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. ती रागाच्या भरात लिहिली होती. हेही रागातच लिहितो आहे, फक्त राग आता दुसऱ्या माणसावर आहे.

नोटरी लिविया तोरेज्जानीबाई मला म्हणाल्या, "मायस्त्रो, हातानं लिहिलंत, तारीख घातलीत, सही केलीत की झालं. साक्षीदार कशाला गोळा करताय?" मला साक्षीदार हवे आहेत. कारण सहाव्या कलमात येईल.

एक. बेकरीवरचे राहते घर माझी भाची लोरेदाना हिला द्यावे. ती आत्ताच येऊन भिंती मोजून गेली. "मामा, पियानो हलवला की इथं कपाट मस्त बसेल," म्हणाली. बसव बाई. फक्त मी बसतो आहे तोवर थांब.

दोन. स्वरलेखनाच्या माझ्या सर्व वह्या, एकशे बारा, माझी शिष्या निवेस गाल्ली हिला द्याव्यात. त्यांतल्या पेन्सिलीच्या खुणा कोणीही खोडू नयेत. त्याच खुणांत माझी कारकीर्द आहे. गावच्या बँडात क्लॅरिनेट, मग पार्मात शिक्षण, मग अकरा वर्षे तालमीला पियानो बडवणे आणि प्रॉम्प्टरच्या खोक्यात बसून गायकांना शब्द पुरवणे. रंगमंचाखालच्या त्या खोक्यातून मला अकरा वर्षे फक्त बूट दिसले. हातात वाद्यवृंद चालवायची छडी, म्हणजे बॅटन, आली तेव्हा मी छत्तीस वर्षांचा होतो आणि एव्हाना सगळ्या गायकांवर माझा दात होता. निवेस, तू तसं करू नकोस.

तीन. माझी तीन बॅटन आणि काळा कोट गावच्या बँडाला द्यावा. कोट काखेत उसवला आहे. तो तुतारीवाल्यांमुळे उसवला. चाळीस वर्षे त्यांना "हळू वाजवा" म्हणून हात दाबत राहिलो, एकानेही ऐकले नाही.

चार. माझी शवपेटी चर्चमधून बाहेर येईल तेव्हा टाळ्या वाजवू नयेत. आमच्या लोकांना ही नवी खोड लागली आहे. जिवंतपणी ज्यांनी वरच्या गॅलरीतून शिट्ट्या घालून माझी हुर्यो उडवली, त्यांनी मेल्यावर टाळ्या वाजवून मोकळे होऊ नये.

पाच. नाट्यगृहाच्या मंडळींनी माझ्या नावाची संगमरवरी पाटी करायला टाकली आहे. मजकूर मला दाखवून गेले: "लिहिल्या स्वराशी एकनिष्ठ राहिलेला मायस्त्रो." ही पाटी लावण्यास मी सक्त मनाई करत आहे. झाली असल्यास फोडावी. चेअरमन म्हणाले, "मायस्त्रो, एवढा विनय बरा नव्हे." मला विनयाचा आजार कधीच नव्हता. पाटीवरचे वाक्य खोटे आहे, एवढेच.

सहा. आता मुद्द्याचे.

सव्वीस डिसेंबर १९६८. आमच्या नाट्यगृहात हंगामाचा पहिला खेळ, आमच्याच गावचा जुना संगीतकार जेरोलामो पास्केत्ती याचा ऑपेरा 'बांधावरची वधू'. नायक फाउस्तो ब्राक्की. आम्ही दोघे बँडात एकाच बाकावर वाढलो. तिसऱ्या अंकात निरोपाचे गाणे आहे. छापील प्रतीत त्याची शेवटची ओळ खाली उतरून विझते. आमच्या भागातला प्रत्येक गायक मात्र तिथे वर उडी घेतो आणि तो स्वर धरून उभा राहतो, आणि गॅलरी त्यासाठीच तिकीट काढते. मी तालमीत बजावले, "फाउस्तो, छापलंय तेवढंच गायचं."

तो म्हणाला, "अरे, माझे गुरुजी सांगायचे, हा स्वर पास्केत्तीच्या काळापासून आहे."

"तुझ्या गुरुजींना वाचता येत होतं का?" मी सगळ्यांसमोर विचारले. वाद्यवृंद हसला. फाउस्तोने मान खाली घालून छापल्याप्रमाणे गायचे कबूल केले.

खेळाच्या वेळी त्याने वरचा स्वर घेतला. मी थांबलो नाही. वाद्यवृंद पुढे नेला, गाणे संपवले, बॅटन खाली ठेवले. फाउस्तो एकटाच त्या स्वरावर लटकत राहिला, खाली एक वाद्य नाही. मग आवाज फाटला. गॅलरीने आम्हा दोघांना शिट्ट्या घातल्या, पण वर्तमानपत्रांनी मला डोक्यावर घेतले. मुलाखतीत मी त्याला बाजारू गायक म्हणालो. मला तोरिनोहून बोलावणे आले, त्याची ठरलेली कामे एकेक करून गेली. दोन वर्षांत तो सासऱ्याच्या हार्डवेअरच्या दुकानात खिळे विकू लागला. मी गावात असलो की रोज सकाळी आम्ही एकाच बारमध्ये कॉफी पितो, तो काउंटरच्या त्या टोकाला, मी या टोकाला. छत्तीस वर्षांत साखरेचं भांडंसुद्धा एकमेकांना मागितलं नाही.

१९८७ साली चर्चचे जुने कपाट हलवताना पाद्रीबाबांना पास्केत्तीच्या हस्तलिखिताची पेटी सापडली. त्यांनी मला बोलावले. तिसऱ्या अंकाच्या शेवटच्या पानाला लावलेली एक चिठ्ठी डिंक सुकून सुटली होती आणि पेटीच्या तळाशी पडली होती. छापणाऱ्याच्या हाती पान गेले तेव्हा ती बहुधा जागेवर नव्हती. चिठ्ठीवर पास्केत्तीच्या अक्षरात वरचा स्वर होता. शाईने. खाली लिहिले होते: "गाणाऱ्याची मर्जी असेल तोवर. वाद्यवृंदाने थांबावे."

ते कपाट नाट्यगृहापासून चारशे पावलांवर आहे. छापील कागदासाठी मी माणूस मोडला आणि खुद्द पास्केत्तीच्या हातचा कागद बघायला चारशे पावले चाललो नाही. चिठ्ठी मी खिशात घातली आणि सतरा वर्षे गप्प बसलो. मला माझीच चीड येते. रोज सकाळी कॉफी पिताना येते.

ही चिठ्ठी मी फाउस्तोला मृत्युपत्राने देणार होतो, आणि साक्षीदारही त्यालाच करणार होतो. तोरेज्जानीबाईंनी अडवले. "साक्षीदाराला काही दिलंत तर ते देणं टिकत नाही. एकतर त्यांना साक्षीदार करा, नाहीतर वारस."

फाउस्तो माझ्याहून तीन वर्षांनी मोठा आहे आणि दोनदा दवाखान्यात जाऊन आला आहे. वारस केला तर हे त्याला मी मेल्यावर कळणार, आणि तो आधी गेला तर कधीच नाही. साक्षीदार केला तर समोर बसून माझ्या तोंडून ऐकावे लागेल, आणि मला त्याच्या तोंडाकडे बघावे लागेल. म्हणून फाउस्तोला मी काहीही देत नाही. चिठ्ठी निवेसला. तिने 'बांधावरची वधू' कधी चालवली, तर त्या स्वरावर थांबावे. गाणारा दमेपर्यंत थांबावे.

पुढचा मजकूर वाचनानंतर त्याच बैठकीत माझ्या हाताने जोडला आहे.

वरील सर्व मी आज दोन साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचले. सहाव्या कलमापर्यंत फाउस्तो खिडकीबाहेर बघत होता. ते संपल्यावर तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "या कानानं नीट ऐकू येत नाही मला. सहावं परत वाच."

मी परत वाचले. तो डोळे मिटून बसला होता.

"झालं?" मी विचारले.

"नाही," तो म्हणाला. "वन्स मोअर."

तोरेज्जानीबाई म्हणाल्या, "ब्राक्कीसाहेब, ऑफिस बंद व्हायची वेळ झाली."

"मायस्त्रो थांबतील," फाउस्तो म्हणाला.

मी तिसऱ्यांदा वाचले. त्याला पहिल्याच वाचनाला सगळे नीट ऐकू आले होते.

एर्मेते झानेल्ली (सही)

साक्षीदार: फाउस्तो ब्राक्की, दुकानदार. हा शब्द त्यांनी स्वतः खोडून त्यावर 'गायक' असे लिहिले आहे. (सही)
साक्षीदार: आर्दुईनो मेलेगारी, बारमालक (सही)

काझालरोन्को, १७ नोव्हेंबर २००४