देवेशचा नारळ

८ नोव्हेंबर, शनिवार
उद्या सगळ्यांना देवगडच्या घरी बोलावलंय. फोन मीच केले. बारा वर्षं झाली, धाकटा भाऊ देवेश रोज सकाळपासून ढोसतोय आणि घरातले नुसते उसासे टाकतायत! भक्तीचं आपलं एकच — "आधी डॉक्टरांका दाखवया, वन्सं. औषध देवन सोडवतत म्हणे." मी म्हटलं, बायकोला धाक जमला असता तर ही वेळ आली नसती.

९ नोव्हेंबर, रविवार
आम्हाला ओळीने बसलेलं बघून देवेश हसला. "माझा लगीन परत लावतासात काय?"

कोणी हसलं नाही. मी ठरवून दिलं होतं, ओरडायचं नाही, प्रत्येकाने आपलंच बोलायचं. भक्ती म्हणाली, टेम्पोची किल्ली ती रोज तांदळाच्या डब्यात लपवते. आई म्हणाली, "तू आदी गेलंस तर माका अग्नी कोण देतलो?" मग रडायलाच लागली. मला चहा प्यायचा होता, पण उठले नाही. उठले असते तर तो सटकला असता.

शेवटी तोच म्हणाला, "बरां, ताय. काय करू सांग."

तसंच देवळात नेलं. नारळ ठेवला, आमच्या गंगारामकाकांनी देवापुढे गाऱ्हाणं घातलं — बा देवा म्हाराजा, ह्या लेकरान आजपासून दारू सोडली, त्येचो शबूद राख. आम्ही सगळे, होय म्हाराजा! देवेशही. त्याचा आवाज सगळ्यात मोठा. किती दिवसांनी बरं वाटलं.

१० नोव्हेंबर, सोमवार
रजा वाढवली. पहारा मीच देणार.

११ नोव्हेंबर, मंगळवार
देवेशचे हात थरथरतायत, कपबशी धरवत नाही. अंगाला दरदरून घाम. काका म्हणाले, अंगातली घाण भायर पडता. दुपारी मला आत बोलावून म्हणाला, "ताय, एक घोट दी गो. मरतंय मी."

मी म्हटलं, "देवाक काय सांगलंस?"

भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "होय म्हाराजा."

माझं काळीज तुटत होतं, पण मी खोलीला बाहेरून कडी घातली. आज ढिले पडलो तर संपलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
काल झोपला नाही. भिंतीवर मुंग्या चढतायत म्हणतो, चादर झटकतो. मुंगी एक नाही. भक्ती म्हणते दवाखान्यात नेऊया. चार लोकांत दिसला की कोणीतरी पाजणारच, म्हणून उद्यापर्यंत थांब म्हटलं. आईने अंगारा लावला.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
सकाळी फिट आली, मग दुसरी. गाडी करून नेला. डॉक्टरांनी विचारलं, शेवटची कधी घेतली? मी ताठ मानेने सांगितलं, चार दिवस थेंब नाही. ते म्हणाले, इतकी वर्षं पिणाऱ्याची अशी एकदम तोडायची नसते. औषधाखाली सोडवावी लागते, नाहीतर जीव जातो.

बारा वाजून दहा मिनिटांनी गेला. कडी मीच घातली होती.