खांद्यावरचा चट्टा

प्रिय धाकटे,

पत्र घरी न येता तुझ्या कामावर, दुकानात आलं म्हणून दचकू नकोस. तुझा फोन तुझा नवरा रोज चाळतो, म्हणून कागद घेतला. घाईत लिहितेय, अक्षर लावून घे.

माझ्या गोष्टीवरून इथे काय चाललंय ते तुझ्या कानावर आलंच असेल. वीस वर्षांत मी सतरा कादंबऱ्या लिहिल्या आणि त्यांत मिळून एक्केचाळीस माणसं मारली. कुणाला विष घालून, कुणाच्या तोंडावर उशी दाबून, एकाला तर वखारीतल्या करवतीखाली. त्या करवतीच्या पुस्तकाला वाचनालयाने बक्षीस दिलं, आणि खालच्या मजल्यावरच्या मास्तरांनी ते आपल्या बारा वर्षांच्या नातीला वाचून दाखवलं. यंदा मासिकात पहिल्यांदाच अशी गोष्ट दिली, जिच्यात कुणी मरत नाही. चाळिशीची एक विवाहित बाई एका दुपारी घड्याळं दुरुस्त करणाऱ्याकडे जाते आणि दोघं एकमेकांना जवळ घेतात. जेमतेम दीड पान. तेवढ्यावर वाचनालयाने अंक कपाटात घालून कुलूप लावलं. मास्तर मला पाहिलं की भिंतीकडे तोंड फिरवतात. "बाई, आमच्या घरात मुली आहेत," एवढंच एकदा म्हणाले. दाराखालून चिठ्ठ्या येतात, त्यांत माझं काय करायचं ते तपशीलवार लिहिलेलं असतं. माझ्याच कादंबऱ्या वाचून शिकलेले दिसतात. मी दाराला आतून टेबल लावून बसते. पण ही भीती मी गिळली असती.

परवा संपादकांनी वाचकांची पत्रं पाठवली, दोनशेच्या वर. सगळी वाचली. गोष्टीत घड्याळवाला त्या बाईच्या खांद्यावरच्या चट्ट्यावर ओठ टेकवतो. ओठांबद्दल झाडून सगळ्यांनी लिहिलंय. तापलेल्या इस्त्रीचा तो चट्टा तिच्या खांद्यावर उठवला कुणी, हे एकानंही विचारलेलं नाही.

विचारलं ते तुझ्या नवऱ्यानं. काल दुपारी त्याचा फोन आला. आवाज नेहमीसारखाच गोड. "ताई, गोष्ट दोनदा वाचली. तो इस्त्रीचा चट्टा कुठून सुचला हो तुम्हाला?" मी म्हटलं, असाच, मनानं. "छान सुचलाय," म्हणाला आणि फोन ठेवला. मी स्वयंपाकघरात खालीच बसले. गेल्या वर्षी माझ्याकडे जेवताना त्यानं मला एक खून सुचवला होता, आठवतो? बायकोला जिन्यावरून ढकलायचं आणि पाय घसरला म्हणून सांगायचं, कुणी शंका घेत नाही. आम्ही सगळे हसलो. मी तर ते वहीत टिपून घेतलं. तू पान तसंच टाकून उठलीस. का, ते मला काल कळलं.

तुमच्या दुकानाला चष्म्याच्या काचा घासून देणाऱ्या त्या माणसाबद्दल तू मला एकटीला सांगितलंस. सांगताना तुझा चेहरा असा काही उजळला होता, की मला तेच लिहायचं होतं. काचांची घड्याळं केली, गाव बदललं, तुझे केसही आखूड केले. चट्टा बदलायचा राहिला. राहिला कसला, बदलवेना. तू त्याबद्दल गप्प होतीस, मीही गप्प बसले होते. वाटलं, निदान गोष्टीत तरी कुणी तो पाहावा. आणि या हौसेपायी मी तुला त्याच्या तावडीत आणून सोडलं.

हे पत्र आणणाऱ्या माझ्या शेजारच्या नर्सबाई आहेत. चष्म्याची दांडी मोडल्याचं निमित्त करून आल्यात. त्यांची गाडी रस्त्यापलीकडे उभी आहे. कपडे, कागदपत्रं, काही आणायला घरी जाऊ नकोस. त्याला फोन करू नकोस. मालकांना सांग डोकं दुखतंय, पर्स उचल आणि नर्सबाईंबरोबर लगेच नीघ. माझ्यावर रागवायचं ते इथे येऊन रागव, जन्मभर रागव. त्यासाठी तू असायला हवीस.

तुझीच, वाटेकडे डोळे लावून बसलेली,
ताई