साधं पेट्रोल, दाब बारा

स्टार व्हॅली, वायोमिंग
१२ फेब्रुवारी

प्रिय टॅल,

तुझं पत्र येत नाही म्हणून तक्रार करायला हे लिहीत नाहीये. तू का लिहीत नाहीस ते मला ठाऊक आहे. मला ते ठाऊक आहे हीच तर अडचण आहे.

यंदा बर्फ उशिरा पडलं, पण पडलं ते कुंपणाचे खांब बुडवून. मी अजून पाय ओले होऊ नयेत म्हणून बुटात पावाच्या प्लास्टिकच्या पिशव्या घालूनच फिरते. परवा चर्चच्या दाराशी सिस्टर नॉर्डा म्हणाली, "अगं व्हर्ला, नवे बूट घे की आता. एवढं वाचवून स्वर्गात नेणारेस का?" मी म्हटलं, "तिथे बर्फ नसेल, म्हणून तर पिशव्या इथेच संपवतेय." ती हसली. मी चर्चच्या दारात विनोद करते हे तुला पटायचं नाही, पण माणसं रडू नयेत म्हणून काय काय करावं लागतं.

तुझ्या बाबांचे गुडघे गेलेत, दुकान मात्र जोरात आहे. टर्बो बसवून घ्यायला आता कॅनडातून बर्फावर चालणाऱ्या गाड्या येतात. आणि तो कान आता राहिला नाही. गाडीच स्वतः उंची मोजते, पेट्रोल ओळखते आणि इंजिनात हवा किती दाबायची ते ठरवते. बाबा गिऱ्हाइकाला सांगतात, "माणसाच्या हातात ठेवलंच नाही बघा. माणूस चुकतो." मी शेजारच्या खोलीत पीठ मळत असते. मळतच राहते.

कान हा शब्द तुझाच. हँडलच्या डाव्या मुठीशी ती काळी गोल चकती होती, तिला तू लहानपणी गाडीचा कान म्हणायचास. पिळला की गाडी ओरडते म्हणून. दहा हजार फुटांवर हवा विरळ, साधी गाडी म्हाताऱ्यासारखी धापा टाकते. टर्बो तिच्या छातीत हवा भरतो आणि किती भरायची ते कान ठरवतो. साध्या पंपावरच्या पेट्रोलला आठ पौंड दाब, रेसचं पेट्रोल असेल तर बारापर्यंत. साध्यावर बारा लावलं तर पिस्टन लोण्यासारखा वितळतो. हे मला, नुसती शाळा पास झालेल्या बाईला, पाठ होतं, कारण बाबांनी ते मला शंभर वेळा सांगितलं होतं. म्हणूनच त्यांनी आठाच्या पुढे कान जाऊ नये अशी पोलादी खीळ ठोकली आणि ती फक्त स्वतःच काढायची असा नियम केला. मला म्हणाले, "तू दुधाअंड्यांचा हिशेब ठेवतेस, हाही ठेव." तेव्हापासून रोज सकाळी गॅरेजातून हाक यायची, "व्हर्ला, लिही," आणि मी निळ्या वहीत लिहायची. थंडी किती, उंची किती, टाकीत काय, दाब किती.

त्या शनिवारी तुम्ही दोघे भाऊ, तू आणि कॉर्बिन, नाश्त्याला बसला होतात. पीचचा मुरंबा संपवायची घाई दोघांना. कॉर्बिन म्हणाला, "टॅल्या, आज माझ्या गाडीला हात लावलास तर बोटं तोडीन." तू म्हणालास, "तुझ्या गाडीला हात कशाला, धक्काच मारावा लागतो." त्याने तुझ्या डोक्यात टपली मारली. माझ्याजवळ त्याचा शेवटचा आवाज तो, आणि त्यातही तूच आहेस.

आयडाहोचा तो मोठा दुकानदार कड्याखाली उभा राहून बघणार होता. कॉर्बिन माथ्यावर पोचला असता तर बाबांचे टर्बो त्याच्या तिन्ही दुकानांत लागले असते. कॉर्बिन कधी आकडा बघत नसे. बाबांनी लावलं म्हणजे लावलं. सगळ्यात उभ्या जागी इंजिन बंद पडलं आणि गाडी त्याला आपल्याखाली दाबत उतारावरून मागे घसरली. शोधपथकाची माणसं आपल्या फाटकाशीच टोप्या काढून उभी राहिली, तेव्हाच मला कळलं. दाराशी येईपर्यंतही टोप्या डोक्यावर ठेवणं कुणाला जमलं नाही.

कान बारावर होता. खीळ नव्हती. वाटेत ढिली होऊन गळली असणार, असं बाबाच म्हणाले. आणि कान पिळताना तुला आधी दोनदा पकडलेलं होतं. त्यात त्या दुपारी कॉर्बिन सँडविच खात असताना तू त्याच्या गाडीवर पाच मिनिटं बसला होतास. चार लोकांसमोर बाबांनी तुला विचारलं, "तू फिरवलास?" अठरा वर्षांचा होतास तू. म्हणालास, "हात लागला असेल. आठवत नाही."

मयताच्या घरी देतात ती चीज घातलेल्या बटाट्यांची भांडी घरोघरून येत होती, ठेवायला जागा नव्हती. त्या आठवड्यात तू धुण्याच्या खोलीत माझ्या मागे येऊन उभा राहिलास. हळूच विचारलंस, "आई, मीच फिरवला का गं?" मी टॉवेलची घडी घालत होते. घडी पुरी केली आणि म्हणाले, "प्रार्थना कर."

मग उपासाचा रविवार आला. ज्याला देवाने बोलायला सांगितलं त्याने उठून बोलायचं, हा आपला रिवाज. बाबा उठले. म्हणाले, "माझ्या एका मुलाच्या हातून दुसरा गेला. मी त्याला माफ केलंय." सगळं सभागृह रडलं. मागच्या बाकावर कुणीतरी म्हणालं, "काय काळीज आहे डेलॉसचं!" तू माझ्या शेजारी बसला होतास. मी तुझ्या गुडघ्यावर हात ठेवला नाही. पुढच्या रविवारी प्रभुभोजनाच्या ब्रेडचं तबक तू, स्वतःला अपात्र समजून, न घेताच पुढे केलंस, आणि जूनमध्ये अ‍ॅरिझोनाला गेलास, जिथे बर्फ पडत नाही.

अकरा वर्षं झाली. या सोमवारी बाबा जेवून उठले आणि म्हणाले, "व्हर्ला, लिही." एप्रिलमध्ये दुकानाची नवी इमारत उघडायची आहे, कॉर्बिनच्या नावाने. सगळं घर फोटोत हवं. "टॅलला लिही, बाबांच्या मनात काही नाही, माफ केलंय, ये म्हणावं. तुझं अक्षर चांगलं आहे." मी पेन घेऊन बसले. आजवर ते सांगत गेले आणि मी लिहीत गेले. त्या शनिवारी सकाळीही ते गॅरेजातून असेच ओरडले होते. "लिही. पाच अंश. साडेनऊ हजार फूट. साधं पेट्रोल. दाब बारा." मी विचारलं, "साधं ना? मग बारा कसं?" म्हणाले, "रेसचं संपलंय. एका चढाला काय होतंय? थंडी आहे, चालून जातं. लिही तू." आणि मी लिहिलं. त्या शनिवारनंतरच्या सोमवारी त्यांची कामाची पँट धुवायला घेतली तेव्हा खिशात ती खीळ सापडली. मी ती बटणांच्या डब्यात टाकली. त्यांनी वही कधी मागितली नाही, मी कधी दाखवली नाही. एक मुलगा गेला, आता नवरा आणि घराचं नाव जाऊ नये, असं मी स्वतःला सांगितलं. त्याला आज्ञापालन म्हटलं. देवाने ते तसं मांडून घेतलं असेल, असं मला वाटत नाही.

या पाकिटात वहीचं ते पान आहे. मी वहीचं पान कधी फाडत नाही, तुला ठाऊक आहे. खीळही कापसात गुंडाळून ठेवली आहे. मार्चचा पहिला रविवार उपासाचा आहे. मी उठणार आहे. ते माझ्या शेजारीच बसलेले असतील आणि त्यांना अजून काही माहीत नाही. तू यायलाच हवंस असं नाही. माफीचं तर नावच काढत नाही, तुला द्यायची माफी या घरात कुणाकडे कधी नव्हतीच. तू मला एक विचारलं होतंस, तेवढ्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. नाही बाळा. तू नाही फिरवलास.

तुझीच म्हणायचा हक्क उरला असेल तर,
आई